अमावस्येचं पाणी

कोबीवाल्यानं आप्पांची कॉलर धरून त्यांना टाकीच्या कठड्यावर उताणं पाडलं, तेव्हा मी लॅबच्या दारात उभी होते. हातात नमुन्याचं पाणी काढायचा डबा होता, लांब दांड्याचा. कोबीवाल्याचा गुडघा आप्पांच्या छातीवर होता. त्याची माणसं मागनं ओरडत होती, अर्धी मराठीत, अर्धी कन्नडमध्ये. आप्पांच्या तोंडातनं रक्त येत होतं आणि ते एकच म्हणत होते, "मी काय बी केलं न्हाय रं. देवाशपथ काय केलं न्हाय."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी धावले आणि दांडा कोबीवाल्याच्या पाठीत घातला. तो वळला, मी परत घातला. दांडा वाकला. मी रागीट आहे हे आमच्या घरात, गल्लीत, प्लांटवर सगळ्यांना ठाऊक आहे, पण इंजिनीअर बाई शेतकऱ्याला हाणते हे त्या दिवशी लोकांनी पहिल्यांदाच बघितलं. त्यानं मला एका हातानं ढकललं. मी जाऊन जाळीवर आदळले आणि माझं कोपर सोलून निघालं.

आप्पा म्हणजे आमच्या सांडपाण्याच्या प्लांटचे ऑपरेटर. शेजारच्याच गावचे, माझ्या वडिलांच्या वयाचे. शहराचं घाण पाणी नाल्यातनं आमच्याकडं येतं, आम्ही ते साफ करून पाटात सोडतो, आणि पाटाच्या तोंडालाच कोबीवाल्याचं रान आहे. त्याला खरं नाव आहे, पण प्लांटवर आम्ही त्याला कोबीवालाच म्हणायचो. त्या दिवशी येताना त्यानं एक उपटलेला गड्डा आणला होता. पानांच्या कडा जळलेल्या, मुळाशी लाल रंग चढलेला. तो त्यानं आप्पांच्या तोंडावर फेकून मारला.

"काल लाल पाणी सोडलंस आणि आज तोंड वर करून बोलतोस व्हय? कुठल्या कारखानदाराचा माणूस हाईस रं तू?"

मग त्यानं टाकीकडं बोट केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पुढच्या खेपेला लाल पाणी आलं ना, तर ह्याला ह्याच टाकीत टाकणार. बघून घ्या."

"टाकून दाखव. मुस्काट फोडीन तुझं," मी जाळीला टेकूनच म्हणाले. तोंडानं मी कधीच कुणाला कमी गेलेली नाही.

पण आतनं माझी पाचावर धारण बसली होती. त्या टाकीला आम्ही हवेची टाकी म्हणतो. पाण्यातली घाण खाणारे जिवाणू तिच्यात असतात, इडलीचं पीठ आंबवणाऱ्या जिवाणूंच्याच जातीचे म्हणा, आणि त्यांना जगायला हवा लागते. म्हणून ब्लोअर नावाची मोठी यंत्रं तळातनं सतत हवा मारत असतात. वरनं ते नुसतं खळखळणारं पाणी दिसतं. पण त्या बुडबुड्यांच्या पाण्यात पट्टीचा पोहणाराही तरंगत नाही. पाणी माणसाला धरतच नाही, तो सरळ तळाला जातो. हे कोबीवाल्याला माहीत नव्हतं. आम्हाला होतं, आणि आप्पांनाही होतं.

पोलिसात जायला आप्पा तयार होईनात. रोज त्याच रानाच्या बांधावरनं त्यांना घरी जायचं होतं. त्यांचे दोन दात पडले, तोंड इतकं सुजलं की बोलता येईना. ते घरी पडून राहिले आणि मी त्यांच्या खुर्चीत बसले. माझ्यापुढं प्रश्न एकच होता. पुढची खेप कधी? तो दिवस आधी कळला तर आप्पा वाचतील, नाहीतर नाही.

माहिती नव्हती असं नाही. ढीग होता. पाण्यात ऑक्सिजन किती आहे ते सांगणारा मीटर दिवसभर आकडे कॉम्प्युटरला पाठवत होता. लॅबचे निकाल लॅबमध्ये. ब्लोअर कधी चालला, कधी बंद होता, ते इलेक्ट्रिशियनच्या भिंतीवरच्या फळ्यावर. तो आठवडा संपला की फळ्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकायचा आणि फळा पुसायचा. तो फोटो आजवर कुणी उघडून बघितलेला नव्हता. एकाचं तोंड पूर्वेला, दुसऱ्याचं पश्चिमेला. आणि पाणी बिघडल्याची खरी नोंद तर आप्पांच्या मोबाईलमध्ये होती. पाणी बिघडलं की कोबीवाला फोन करून आईमाईवरनं शिव्या द्यायचा. मी आप्पांच्या घरी गेले आणि म्हणाले, "आप्पा, तुम्हाला शिव्या कधी कधी बसल्या तेवढं बघू द्या." त्यांनी गुपचूप मोबाईल पुढं केला.

मग मी सगळं एका जागी आणलं. मीटरच्या आणि लॅबच्या घड्याळांच्या वेळा जुळत नव्हत्या, त्या जुळवल्या. फोटोतलं इलेक्ट्रिशियनचं कोंबडीचे पाय अक्षर लावत बसले. निपाणीला पहिली नोकरी केली तेव्हाही माझ्या वाट्याला हेच काम आलं होतं, पण तेव्हा कुणाचा जीव त्यात अडकलेला नव्हता. आमचा महिन्याचा रिपोर्ट काढणारा प्रोग्राम बाहेरनं बसवून दिलेला, आणि तो फारच सोज्वळ निघाला. मीटर बंद असलेला दिवस आला की तो दिवसच तो गाळून टाकायचा, उरलेल्या दिवसांची सरासरी काढायचा आणि सगळं छान आहे म्हणून सांगायचा. मी ते गाळलेले दिवस शोधून काढले आणि शिव्यांच्या शेजारी ठेवले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. गाळलेला दिवस संपला की शिवी होती. पावसाळा सोडला तर दरवेळी. म्हणजे पाणी बिघडायचं त्याच दिवशी मीटर बंद असायचा, आणि मीटर बंद म्हणून तो दिवस आमच्या हिशेबी झालेलाच नसायचा!

"मीटर का बंद असतोय रे?" मी इलेक्ट्रिशियनला विचारलं.

"लाईट गेली असंल, मॅडम," तो म्हणाला आणि सटकला. फळ्यावर त्यानं त्या दिवसांनाही ब्लोअर चालूच लिहिलेला होता.

महिन्यातनं एकदा, एवढं दिसत होतं. पण तारीख जागेवर राहत नव्हती, हळूहळू मागं सरकत होती. पावसाळ्यातल्या खेपा नाल्याच्या पुरात विरून गेलेल्या, त्यामुळं हातात मोजकेच ठिपके. मी बाजाराचे वार लावून बघितले, पगाराचे दिवस लावले, कारखान्यांच्या सुट्ट्या लावल्या. काही म्हणता काही बसेना. आप्पा मात्र तोंडाला फडकं बांधून कामावर आले. "घरात बसून जीव कावलाय," म्हणाले. कोबीवाल्याची माणसं रोज पाटावर येऊन बसायला लागली होती.

मग एक दिवस मी सुट्टीवर होते. आमचं घर वडगावात, मागवाल्यांच्या गल्लीत. सकाळी लॅपटॉप घेऊन बसले, आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. आवाज नव्हता. आमच्या गल्लीत यंत्रमागांची खटखट जन्मापासून कानात असते, ती थांबली की माणसाला कसंतरीच होतं. आई स्वयंपाकघरात नारळ फोडत होती.

"आज माग बंद काय गं?" मी विचारलं.

"आमुशा न्हाय व्हय आज? तू सुट्टी कशाला घेतलीस मग?"

खरंच की! अमावस्येला आमच्याकडं माग चालत नाहीत. यंत्र पुसायचं, तेल घालायचं, पूजा करायची, हात लावायचा नाही. मागवाल्याच्या घरातल्या माणसानं त्या दिवशी कामाला जायचं नाही हा आईचा हट्ट, म्हणून मी नोकरीला लागल्यापासून दर अमावस्येला, आई सांगेल त्या दिवशी, रजा टाकत आले, तिथी स्वतः कधी बघितली नाही. मी उठले आणि भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं. गाळलेल्या दिवसांची यादी धरली आणि एकेक पान उलटत गेले. प्रत्येक दिवसावर अमावस्येचा काळा ठिपका होता. मी रजेवर असलेला प्रत्येक दिवस.

कारण अमावस्येला आमच्या गल्लीत आणखी एक गोष्ट होते. माग बंद म्हणून रंगवायला धागा येत नाही, मग धागा रंगवणारे लोक आपले हौद धुऊन काढतात. महिनाभर तेच ते रंगाचं पाणी वापरलेलं, त्यात अ‍ॅसिड, त्यात सोडा. सगळे एकाच दिवशी ते गटारात ओततात आणि नवं भरतात. ह्यात लपवण्यासारखं कुणाला काही वाटत नाही. माझा मोठा भाऊ, अण्णा, धागाच रंगवतो. त्याचे हौद आमच्या परसात आहेत.

मी प्लांटवर फोन लावला. कुणी उचलेना. परत लावला. शेवटी इलेक्ट्रिशियननं उचलला, मागं घंटा वाजत होती.

"पूजा चाललीया, मॅडम. आमुशा हाय न्हवं."

"कसली पूजा?"

"मशीनची. ब्लोअर बंद करून हार घातलाय, मीटर बी पुसायला काढलाय. दर आमुशेला करतोय की. संध्याकाळी लावतो चालू."

म्हणजे गल्ली ज्या दिवशी महिन्याचं विष सोडत होती, त्याच दिवशी आमचे लोक जिवाणूंची हवा बंद करून यंत्राला कुंकू लावत होते. आणि हे जिला कळायला हवं होतं ती बाई घरात बसून आईच्या हातच्या पुऱ्या खात होती. सगळे एकाच मुलखातले, एकाच रीतीचे, आणि कुणाच्या डोक्यात उजेड पडलेला नव्हता.

"आत्ताच्या आत्ता चालू कर!" मी ओरडले. पण घंटेच्या आवाजात फोन कट झाला.

मी परसात पळाले. गल्लीच्या गटारात पहाटेपासून रंग वाहत होता, जांभळा, लाल. अण्णाचा एक हौद रिकामा झालेला, दुसऱ्याच्या तळच्या भोकाचा बोळा त्यानं नुकताच काढला होता. त्याचे हात कोपरापर्यंत लाल होते.

"बंद कर ते!"

"का? काय झालं गं?"

"तुझ्या ह्या पाण्यानं तिकडं माणूस मरणार हाय. बंद कर म्हणते ना!"

"लई शहाणी झालीस. आबा करत होते, आजा करत होता, कोण मेलं? हो बाजूला."

मला बोळा सापडेना. शेजारी दोरीवर लडी वाळत होत्या, कुणाच्या तरी लग्नातल्या साड्यांसाठी रंगवलेलं रेशीम. मी मूठभर ओढल्या आणि हौदाच्या भोकात कोंबल्या. अण्णानं माझा हात धरून मला फरफटत मागं ओढलं आणि कानाखाली वाजवली. मीही हौद ढवळायची काठी उचलली आणि त्याच्या खांद्यात घातली. तो कळवळला. गल्ली गोळा झाली, आई दारात येऊन रडायला लागली. मी सगळ्यांसमोर त्याला खुनी म्हणाले. माझा गाल भणभणत होता. मी हेल्मेट उचललं आणि गाडीला किक मारली.

प्लांटच्या फाटकातनं आत गेले तेव्हा ब्लोअर गप्प होते. हार घातलेले, पुढं फुटलेला नारळ. हवेच्या टाकीवर एकही बुडबुडा नव्हता आणि पाणी लालभडक होतं. कठड्यावर पाटावरची सगळी माणसं. कोबीवाल्यानं आप्पांना कमरेला धरलं होतं.

"सोड त्यांना! त्यांचा काय संबंध न्हाय!" मी गाडी टाकून पळत सुटले.

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि आप्पांना टाकीत ढकललं.

आप्पा बुडले, वर आले. ब्लोअर बंद होता म्हणून वर आले. तोंडात लाल पाणी, हात मारत होते. त्यांना पोहता येत होतं, पण त्या रंगाच्या उग्र वासात श्वास घेता येईना. मी कठड्याकडं वळणार तेवढ्यात मागं मोटरसायकल आली. अण्णा होता. माझ्या मागनं निघालेला, मला झिंज्या धरून घरी न्यायला. त्यानं टाकी बघितली, पाणी बघितलं, त्यातला म्हातारा बघितला. मग दोन्ही हात वर करून तो असा ओरडला की सगळे वळले.

"ते पाणी आमचं हाय! त्याला कशाला मारता? ह्यो बघा माझा हात! आमी सोडलंय पाणी, आमी!"

मग सगळे त्याच्यावर तुटून पडले. काठ्या, लाथा, एकानं चप्पल काढली. अण्णा खाली पडला. "बिडबेडा, सोडू नका त्याला, हात मोडा त्याचा!" कुणीतरी ओरडलं. आणि त्याच वेळी कोबीवाला लाल पाण्याकडं बघून इलेक्ट्रिशियनवर किंचाळला, "अरे भाड्या, मशीन लाव आधी! सगळं पाणी रानात जायला लागलंय! मशीन लाव!"

इलेक्ट्रिशियन घाबरून गेला होता. तो पॅनेलकडं पळाला.

आप्पा टाकीत होते. त्यानं बटण दाबलं की तळातनं हवा येणार होती आणि पाणी आप्पांना सोडून देणार होतं. मी ओरडले, पण त्या गोंधळात माझा आवाज कुणाला ऐकू जाणार? पॅनेलकडं जायची वाट अण्णाच्या शेजारनंच होती. तो खाली पडलेला, डोक्यावर हात घेतलेले. त्यानं मला बघितलं आणि हात पुढं केला. "अगं, धर की मला," म्हणाला.

मी त्याच्या बाजूनं पळत गेले.

इलेक्ट्रिशियनचा हात बटणावर होता तेव्हा मी हेल्मेट त्याच्या मनगटावर हाणलं. तो बोंबलत खाली बसला. मी मेन स्विच पाडला. भिंतीवरची दोरी बांधलेली तरंगती रिंग उपसली, परत पळाले, टाकीत फेकली. आप्पांनी ती दुसऱ्या खेपेला पकडली. पाटावरच्याच एका माणसानं दोरी ओढायला हात लावला. आप्पा कठड्यावर आले आणि लाल ओकायला लागले. मग मी पाटाचं गेट फिरवून बंद केलं. मग अण्णाकडं गेले. तोवर कुणीतरी त्याच्या उजव्या हातावर दगड घातलेला होता.

कोबीवाला धापा टाकत उभा होता. "मशीन का लावू दिलं न्हाईस?" त्यानं मला विचारलं. खरंच कळलं नव्हतं त्याला. मी त्याला सांगितलं, हवा सोडली की त्या पाण्यात माणसाचं काय होतं ते. तो माणूस जागच्या जागी मटकन बसला, डोक्यावरचा टॉवेल तोंडात कोंबून. त्याला आप्पांना घाबरवायचं होतं, असं तो नंतर पोलिसांना सांगत राहिला. ते खरंही असेल. मला अजून त्याचं तोंड बघवत नाही.

लोक मला विचारतात, आधी भावाला का उचललं नाहीस. का म्हणजे? त्याला मारत होते, बुडवत नव्हते. आजही तीच वेळ आली तर मी तिकडंच पळीन. आईनं मात्र बरेच दिवस माझ्या ताटात वाढलं नाही.

आता आमच्या कॉम्प्युटरात सगळी माहिती एका जागी असते आणि तारखेच्या शेजारी तिथीचा रकाना आहे. कुठलाही दिवस गाळला जात नाही. मीटर बंद असेल तर तो दिवस लाल होतो आणि मी जाऊन विचारते, का? येणारं पाणी थोपवून धरायची साठवणीची टाकी अमावस्येच्या आधीच रिकामी करून ठेवतो. ब्लोअर पूर्वी बारा महिने एकाच जोरानं घुमायचे, आता गरज असेल तेव्हाच जोर देतो आणि एरवी कमी, वीज वाचते. पूजा आदल्या दिवशी, तीही एका वेळी एकाच यंत्राची. मी अमावस्येला रजा घेत नाही. गल्लीतले लोक एकदम हौद ओतत नाहीत. बोळ्याच्या जागी नळ बसवून एकेकानं, थोडं थोडं, आणि सोडायच्या आधी मला फोन करून. हे कबूल करून घेताना मी किती भांडले ते वडगावला विचारा. आप्पा अजून खुर्चीत असतात, नवे दात बसवलेत.

अण्णा माझ्याशी बोलत नव्हता. एकाच घरात राहून नाही. त्याचा उजवा हात मिटत नाही. फक्त अमावस्येला त्याचा फोन यायचा. "सोडतोय," तो म्हणायचा. "सोड," मी म्हणायची. फोन कट. मग थोड्या वेळानं स्क्रीनवरची ऑक्सिजनची रेघ जराशी खाली यायची आणि मी ब्लोअरचा जोर वाढवायची.

गेल्या अमावस्येला फोन आला. "सोडतोय."

"सोड."

फोन कट झाला नाही. पलीकडं हौदावर कुणीतरी बादली आपटत होतं.

"त्या दिवशी," अण्णा म्हणाला, "मशीन लागली असती तर म्हातारा खरंच गेला असता काय गं?"

"व्हय."

"नक्की?"

"नक्की, अण्णा."

मी रेघेकडं बघत बसले होते, ती मला नीट दिसत नव्हती.

"मग बरं केलंस," तो म्हणाला. आणि मागं हौदाचा नळ करकरत फिरल्याचा आवाज आला. तो नळ आता तो डाव्या हातानं फिरवतो, त्याला वेळ लागतो.